चालती गाडी आणि डोक्यावरची पाटी



आज आम्ही तुमच्याशी गतीबद्दल बोलणार आहोत. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते ती गती. लगेच रेडिओ बंद करू नका. आमच्या गटातही हा विषय निघाला तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्याच होत्या, आता या वयात आम्हाला हे कशाला? पण विषय निघाला तो एका मोडलेल्या मनगटावरून. म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

आमच्या गटातली एक जण वेलची केळी आणि पालेभाजी घेऊन रोज पहाटेच्या लोकलने बाजाराला जाते. पंधरा-वीस वर्षं हाच क्रम. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. एके दिवशी गाडी स्टेशनात शिरली, वेग कमी झाला, दारातल्या एक-दोघी उतरल्याही. हिला वाटलं, थांबलीच आहे आता. एक हात पाटीला, एक हात दांडीला, आणि उजवा पाय खाली टाकला. पुढच्या क्षणी ती गाडी जात होती त्याच दिशेला तोंडावर पडलेली होती आणि केळी पार पुढच्या डब्यापर्यंत पसरलेली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या दोन महिन्यांचे हप्ते गटाने सांभाळून घेतले, पण धंद्याचं गिऱ्हाईक गेलं ते परत यायला पावसाळा उजाडला.

आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा ती एक वाक्य सारखं म्हणत होती. "गं, पाय थांबला, मी नाही थांबले." तिची नववीतली भाची तिथेच अभ्यास करत बसली होती. ती मान वर करून म्हणाली, "मावशी, हे आमच्या पुस्तकात आहे." आम्ही हसलो. मग तिने पुस्तक आणून दाखवलं आणि आमचं हसू थांबलं. पुढच्या तीन बैठका आम्ही हप्ते गोळा करून झाले की त्या पुस्तकावर घालवल्या. त्यातून जे कळलं ते आज सांगतो आहोत.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. ओट्यावरचा डबा या टोकाकडून त्या टोकाकडे सरकवा. डब्याचं झाकण एक हात सरकलं, बूडही एक हात सरकलं, आतला तांदळाचा दाणा न दाणा एक हात सरकला. सगळे एकाच दिशेला, एकाच वेळी, सारखंच अंतर. अशा गतीला पुस्तकात स्थानांतरणीय गती म्हणतात. नाव लांबलचक आहे, आपण तिला सरकती गती म्हणू. आता जातं आठवा. जातं फिरतं, पण जागा सोडत नाही. खुंट्याजवळचा भाग एवढासा फिरतो आणि कडेचा भाग त्याच वेळात मोठा फेरा मारतो. म्हणजे एकाच तळीचे वेगवेगळे भाग वेगवेगळं अंतर जातात. ही फिरती गती. वाडीतल्या विहिरीवर रहाट असायचा तेव्हा बैल ज्याच्याभोवती फेऱ्या मारायचा त्या खांबाची गतीही अशीच, फिरती.

आता एक गंमत. सरकती गती म्हणजे सरळ रेषेतलीच असते असं नाही. जत्रेतला आकाशपाळणा डोळ्यांपुढे आणा. त्याचं मोठं चाक फिरतं. पण आपण ज्या पाळण्यात बसतो तो उलटा होतो का? नाही. वर गेलो तरी डोकं वरच, खाली आलो तरी डोकं वरच. आपलं डोकं आणि आपले पाय सारख्याच आकाराचा फेरा मारतात. म्हणजे चाक फिरतंय आणि त्याच चाकाला टांगलेला पाळणा गोल वाटेने सरकतोय. ही गोष्ट आमच्यातल्या एकीला पटेना, म्हणून तिने सुतळीला दोन्हीकडून पेला बांधून तो हळूहळू गोल फिरवून पाहिला, तोंड कायम वर ठेवून. मग पटली.

आणि लाटणं? लाटणं दोन्ही करतं. फिरतंही आणि पुढेही जातं. गाडीचं चाकही तसंच. यावर घरी एक प्रयोग करून बघा. सरळ, एकसारख्या जाडीचं लाटणं ओट्यावर ठेवा, त्यावर पुठ्ठ्याची वही ठेवा आणि वही हलक्या हाताने पुढे ढकला. वही एक वीत पुढे गेली की लाटणं किती गेलं ते बघा. अर्धी वीतच. लाटण्याचा खालचा भाग ओट्याला टेकून क्षणभर थांबलेला असतो, मधला भाग एकपट जातो आणि वरचा दुप्पट. जड कपाट हलवताना लोक खाली पाइप घालतात ते आठवतं? पाइप मागून सुटतात आणि पुन्हा पुढे नेऊन घालावे लागतात, ते याचमुळे. पाइप निम्म्याच वेगाने येतात, कपाट त्यांना सोडून पुढे जातं. आमच्या गटाची धान्याची कोठी आम्ही अशीच हलवली, चौघींनी, एकाही पुरुषाला हाक न मारता.

तर लोकल. आपल्याकडे गती म्हटलं की लोकलच आठवणार. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं आपली माणसं या रुळांवरून जात-येत आहेत. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांची गाडी धावली, तिच्यासाठीही पुढे विरारपर्यंतचे दिवस आले. विरार ते चर्चगेट साधारण ६० किलोमीटर. आणि बारा डब्यांची गाडी म्हणजे जवळजवळ अडीचशे मीटर लांबी. पुढे मोटरमन, मागे गार्ड, मध्ये हजारो माणसं. पण सरळ रुळावर या सगळ्यांची गती एकच. मोटरमन वसईहून नायगावच्या दिशेने जेवढं सरकला तेवढाच गार्ड सरकला, तेवढीच लगेजच्या डब्यातली मासळीची पाटी सरकली. म्हणून तर एवढ्या मोठ्या गाडीचा वेग एका आकड्यात सांगता येतो. जात्याचा तसा सांगता येणार नाही, विचारावं लागेल की कुठल्या भागाचा?

गाडीत बसल्यावर आणखी एक गोष्ट रोज दिसते. नायगाव-भाईंदरच्या मध्ये खाडी येते, पाणजू बेट येतं, मिठागरं येतात, आणि ती सगळी मागे पळत असतात. आपण मात्र जागेवर बसून मटार सोलत असतो. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमाराला आपल्या ग्रंथात हीच गोष्ट होडीच्या दाखल्याने मांडली. पुढे जाणाऱ्या होडीतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच आपल्याला आकाशातले स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, कारण फिरते आहे ती पृथ्वी. पाणजूची बाई रोज होडीतून नायगावला येते, तिला हा दाखला समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आता त्या मटारच्या शेंगेकडे बघा. गाडी जोरात, पण एकसारख्या वेगाने चालली आहे. हातातून दाणा सुटला तर कुठे पडतो? मांडीतच, सरळ खाली. मागच्या बाकावर जाऊन पडत नाही. का? कारण दाणाही गाडीबरोबर पुढे चाललेला असतो. हात सुटला म्हणून त्याची पुढची गती सुटत नाही. पडता पडता तो गाडीइतकाच पुढे सरकतो. युरोपात गॅलिलिओने १६३२ च्या पुस्तकात जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन हेच सांगितलं, आणि न्यूटनने १६८७ मध्ये त्याचा नियम करून ठेवला. चालती वस्तू कुणी अडवल्याशिवाय थांबत नाही आणि थांबलेली वस्तू कुणी ढकलल्याशिवाय हलत नाही. या स्वभावाला जडत्व म्हणतात. नववीच्या पुस्तकात गतीच्या नियमांचा धडा आहे, मुलांकडून मागून घ्या.

इथे आमच्या मैत्रिणीचं मनगट येतं. ती दारात उभी होती तेव्हा तिचा पाय, कंबर, डोकं, पाटी, पाटीतली केळी, सगळे गाडीच्याच वेगाने पुढे चाललेले. सरकती गती. तिने पाय फलाटावर ठेवला. फलाट स्थिर. फलाटाने पायाला धरलं. पण धरलं ते फक्त पायाला. कंबरेला, खांद्यांना, पाटीला कुणीच धरलं नाही, ते जात होते तसेच पुढे गेले. खालचं टोक थांबलेलं आणि वरचं टोक चाललेलं, मग काय होणार? आख्खं शरीर पायाभोवती फिरणार, बिजागरीवर दार फिरतं तसं. पडणं म्हणजे हेच. सरळ सरकणारं शरीर एका जागी अडलं की ते फिरायला लागतं. आणि जेवढं वजन वर, तेवढं सावरणं कठीण. तिच्या डोक्यावर पंधरा किलोंची पाटी होती. ती म्हणाली ते अगदी बरोबर होतं. पाय थांबला, ती थांबली नाही.

"पण गाडी तर किती हळू होती!" हेही ती म्हणायची. आम्ही हिशोब केला. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. हा आकडा पाठ करून ठेवा, १८ ला ५, मग ३६ ला १० आणि ९० ला २५ आपोआप येतात. ताशी १८ ला लोकल अगदी रांगल्यासारखी वाटते, बाहेरच्या पाट्या वाचता येतात. पण चार फूट उंचावरून कुणी खाली पडलं तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग तेवढाच असतो, सेकंदाला ५ मीटर. आणि वेग दुप्पट झाला, ताशी ३६, तर ती उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. सोळा-साडेसोळा फूट. एखाद्या घराच्या पत्र्यावरून पडावं तसं. वेग दुप्पट, मार चौपट. आमच्या बैठकीत हा आकडा ऐकून सगळ्या गप्प झाल्या होत्या.

मुलं सांगतात, चालत्या गाडीतून उतरायचं तर गाडीच्या दिशेने तोंड करून चार पावलं पळायचं. ते शास्त्राला धरून आहे, ते नाकारता येत नाही. पळणारा माणूस पायांना एकदम थांबू देत नाही, अंग हळूहळू थांबतं. पण मैत्रिणींनो, सेकंदाला ५ मीटर पळायचं म्हणजे सेकंदाला दोन बायका आडव्या पडतील त्याहून जास्त लांबी कापायची. साडी नेसून, चपला घालून, डोक्यावर पाटी घेऊन, गर्दीच्या फलाटावर. कोण पळणार? शिवाय फलाट आणि डबा यांच्यामधली फट खाली तशीच असते. त्यामुळे ही युक्ती आमच्यापैकी कुणाच्याच उपयोगाची नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्यांना ती जमते त्यांच्यातलेही किती जण रोज जमवतात आणि एक दिवस चुकतात, ते स्टेशनाजवळ राहणाऱ्या बाईला विचारा.

यावर एकीने रोखठोक प्रश्न केला. गाडी थांबते काही सेकंद, चढणाऱ्या बायका आत घुसतात, आपण गाडी पूर्ण थांबायची वाट बघितली तर उतरायचंच राहतं, त्याचं काय? हे खरं आहे आणि याला पुस्तकात उत्तर नाही. आम्ही जे ठरवलं ते सांगतो. पाटी डोक्यावर घेऊन दारात उभं राहायचं नाही. पाटी पायाशी, दोघींनी मिळून धरलेली. गाडी थांबली की एकीने उतरायचं, दुसरीने पाटी तिच्या हातात द्यायची, मग स्वतः उतरायचं. म्हणून एकटीने जायचं नाही, जोडीने जायचं. कधी स्टेशन चुकलं तर पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. वीस-पंचवीस मिनिटं जातात, बाजाराचा पहिला भाव जातो. जाऊ दे. आमच्या मैत्रिणीचे दोन महिने गेले होते.

गाडीत उभं राहतानाही एक लक्षात घ्या. गाडी सुटते तेव्हा आपण मागे झुकतो, थांबते तेव्हा पुढे. म्हणून पाय गाडीच्या लांबीच्या दिशेने फाकवून उभं राहिलं, एक पुढे एक मागे, तर तोल राहतो. दोन्ही पाय जुळवून उभी राहिलेली बाई पहिल्या धक्क्याला शेजारणीच्या अंगावर जाते.

टेम्पोतून माल नेता तेव्हाही हेच. ब्रेक लागला की टेम्पो थांबतो, माल थांबत नाही. पाट्या मध्ये मोकळ्या ठेवल्या तर घसरत पुढे येऊन आपटतात. त्या पहिल्यापासूनच केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवल्या तर भिंतच त्यांना धरते. अर्धी भरलेली दुधाची किंवा पाण्याची कॅन पूर्ण भरलेल्या कॅनपेक्षा जास्त हिंदकळते, कारण आतल्या पाण्याला पुढे धावायला जागा मिळते. चाफ्याच्या आणि मोगऱ्याच्या टोपल्या दादरला नेणाऱ्या बायकांनी आम्हाला सांगितलं की त्या टोपली काठोकाठ भरून वर ओलं फडकं घट्ट बांधतात, फुलं आत हलली की काळी पडतात. त्यांना जडत्व हा शब्द माहीत नव्हता, पण काम चोख होतं.

एक हिशोब मात्र जरा मन घट्ट करून ऐका. आपण जीपमध्ये, रिक्षात, मोटारीत पुढे बसतो आणि लेकराला मांडीवर घेतो. आपल्याला वाटतं, माझ्या हातात आहे, कुठे जाईल? गाडी ताशी ३६ ने चालली आहे, म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर काही आलं आणि धडक बसून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. दहा किलोचं मूल मात्र त्याच वेगाने पुढे चाललेलं. त्याला तेवढ्या वेळात थांबवायला जेवढं बळ लागतं, तेवढं शंभर किलोची गोणी उचलून धरायला लागतं. कुठल्या आईच्या हातात ते आहे? म्हणून लहान मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसू नये, मागे बसावं, आणि पट्टा असेल तिथे पट्टा लावावा. स्कूटरवर पुढे उभं केलेलं पोरही असंच. माया कमी पडत नाही, बळ कमी पडतं.

रूळ ओलांडण्याबद्दल बोलल्याशिवाय आम्हाला थांबता येणार नाही. पुलावर पाटी घेऊन चढायचं म्हणजे गुडघे बोलतात, आम्हाला माहीत आहे. पण पुन्हा तोच आकडा. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. अडीचशे मीटरचा फलाट ती गाडी दहा सेकंदांत पार करते. आपल्याकडे विरारपर्यंत चार मार्ग आहेत, लोकल एकावर उभी असते आणि दुसऱ्यावरून न थांबणारी गाडी जाते. ओझं घेऊन, खडीवरून, रूळ चुकवत चालायला दहा सेकंदांत आपण किती जाऊ? मोटरमनने आपल्याला पाहिलं आणि ब्रेक लावला तरी एवढी जड गाडी कित्येकशे मीटर पुढे जाऊनच थांबते. तिचंही जडत्व आहे, आपल्याहून हजारोपट मोठं.

आणि डोळे इथे फसवतात. बाजूने जाणारी गाडी पळताना दिसते, कारण तिच्या मागचं झाड, खांब, घर बदलत जातं. पण आपण रुळावर उभ्या असलो आणि गाडी सरळ आपल्याच दिशेने येत असली, तर ती डावीकडेही सरकत नाही आणि उजवीकडेही नाही. ती जागच्या जागी उभी वाटते, फक्त थोडी थोडी मोठी होत जाते. लांब असताना ते मोठं होणं कळतही नाही. कळतं तेव्हा ती अंगावर आलेली असते. "लांब होती हो, एकदम कुठून आली कळलंच नाही," असं वाचलेले लोक सांगतात ते खोटं नसतं. त्यांना खरंच ती लांब दिसली होती.

शेवटी अंतराबद्दल थोडं, मन जरा हलकं व्हावं म्हणून. चाललेला रस्ता आणि गाठलेलं ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसईहून भाईंदरला गाडी घेऊन रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घालून ३८ किलोमीटरच्या आसपास पडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली, ती पाण्यातून साधारण साडेतीन किलोमीटर जाते. निघालो तिथून, पोचलोही तिथेच, फक्त वाट बदलली. चाललेल्या वाटेला पुस्तक अंतर म्हणतं, आणि निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतच्या सरळ रेषेला विस्थापन. आमच्यातली एक म्हणाली, मग मी दिवसभर घरात जेवढी चालते त्याचं विस्थापन शून्यच, सकाळी चुलीपाशी सुरू आणि रात्री चुलीपाशीच बंद. भाचीने मान डोलावली, म्हणाली, "मावशी, पैकीच्या पैकी मार्क."

मनगट आता बरं आहे. जड उचलताना अजून दुखतं. आमची मैत्रीण पुन्हा त्याच पहाटेच्या गाडीने जाते, शेजारच्या आळीतल्या एकीबरोबर, पाटी पायाशी ठेवून. लाटण्याचा आणि वहीचा प्रयोग करून बघा, मुलांना सोबत घेऊन करा. तुमच्याकडे माल नेताना-आणताना कोणी काही वेगळी युक्ती वापरत असेल तर गटाच्या बैठकीत लिहून आमच्याकडे पाठवा. आम्हाला विशेषतः होडीतून माल उतरवणाऱ्या बायकांचं ऐकायचं आहे, कारण होडी पुढेही सरकते आणि त्याच वेळी डुलतेही, आणि तिच्यातून पाटी घेऊन धक्क्यावर पाय कसा टाकायचा ते आम्हाला अजून नीट सांगता येत नाही.